मूळ पान, लेखिकेच्या हस्ताक्षरात

मी कागदांचा गठ्ठा बोलतोय. साधासुधा नाही, एका कादंबरीचा मूळ गठ्ठा! हे आधीच सांगून ठेवतो, कारण हल्ली सगळे त्या छापील पुस्तकालाच कादंबरी म्हणतात आणि माझा नुसता जळफळाट होतो.

माझा जन्म लाँड्रीतला. इस्त्री केलेल्या शर्टाची घडी मोडू नये म्हणून आत पांढरा कागद घालतात ना, तो मी. काउंटरवर बसणाऱ्या बाईंनी एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून माझ्यावर पहिली ओळ लिहिली. पुढची कितीतरी वर्षं मी त्यांचा आणि त्या माझ्या. नवऱ्याशी भांडून आल्या की माझ्यातल्या एखाद्या पात्राची धडगत नसायची. फार सुखात होतो मी.

कादंबरी पुरी झाली आणि प्रकाशकांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या. तेव्हा धाकट्या नणंदेनं डोकं चालवलं.

"वहिनी, आपण लोकांनाच विचारू. इंटरनेटवर आवाहन करायचं. ज्याला पुस्तक हवंय तो आधीच पैसे देईल, त्यातून छपाई."

"न बघितलेल्या पुस्तकाला कोण पैसे देतंय गं?"

"देतील. जास्त देईल त्याला भेट म्हणून मूळ पान, तुमच्या हस्ताक्षरातलं!"

मला कुणी विचारलंसुद्धा नाही. बाई म्हणाल्या, "चालेल की. नाहीतरी सगळं टाइप झालंय." नाहीतरी! तो शब्द अजून सलतो.

मग त्या आवाहनाचे लाड सुरू झाले. एक गिऱ्हाईक गेलं की बाई मोबाइल काढायच्या, "आणखी कुणीतरी पैसे भरले!" म्हणून हरखायच्या. मी काउंटरखाली हँगरांच्या शेजारी पडून ऐकायचो.

शेवटी पुस्तक आलं. ताठ, गुळगुळीत, अंगावर एक सुरकुती नाही. घरातल्या सगळ्यांनी पाळीपाळीनं त्याचा वास घेतला. बाईंनी तर त्याला छातीशी धरलं, माझ्या डोळ्यांदेखत!

भेटी पाठवायची वेळ आली तेव्हा नणंदेचा घोळ लक्षात आला. मूळ पान किती जणांना, याला तिनं मर्यादाच घातली नव्हती. मागणारे माझ्या पानांच्या जवळजवळ दुप्पट झाले होते.

"त्यात काय एवढं?" बाईंचे यजमान म्हणाले. "लाँड्रीत कागद ढीगभर आहेत. पुस्तकात बघून कमी पडतील तेवढी पानं पुन्हा लिहून काढ."

बाईंनी पुस्तक समोर उघडून ठेवलं आणि कोऱ्या कागदावर उतरवायला घेतलं. माझा तोतया, आणि तोही त्या पुस्तकाच्या आधारानं! मी आतल्या आत पेटलो.

"थोडी खाडाखोड कर," यजमानांनी सुचवलं. "म्हणजे खरं वाटेल."

बाईंनी एक चांगला शब्द मुद्दाम खोडला. त्याच्याकडे बघत बसल्या. मग पेन खाली ठेवलं.

"नाही हो जमायचं. या लोकांनी काही न बघता माझ्यावर विश्वास ठेवला. त्यांना खोटं पान कसं पाठवू?"

"मग पैसे परत करणार?"

"ते छपाईत गेले."

बाईंनी तोतया चुरगळून टोपलीत टाकला आणि मोठी कात्री आणली. मला मांडीवर घेतलं. एकेक पान वाचायचं आणि मधोमध आडवं कापायचं. "प्रत्येकाला अर्धं देऊ, पण खरं देऊ," त्या म्हणाल्या.

भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगू? ती सबंध दुपार त्या मला वाचत होत्या. कुठं हसल्या, कुठं डोळे पुसले. पुस्तक शेजारीच मिटून पडलं होतं, त्याच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. अंगावर कात्री चालत असताना इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आता मी पाकिटापाकिटांत वाटला गेलोय. तुमच्या घरी माझा तुकडा आला तर त्यावरचं शेवटचं वाक्य मध्येच तुटलेलं असेल. उरलेलं वाचायला तुम्ही ते पुस्तक उघडणार, मला ठाऊक आहे. उघडा बापडे. पण ते वाक्य सुचण्याआधी बाईंनी काय काय खोडलं, हे त्याला विचारू नका. त्याला ठाऊकच नाही.