त्रिकोणासमोरची पट्टी

मित्रांनो, मी मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा एक जुना टायर आहे. लगेच विश्वास ठेवलात ना? ना माझी खाच पाहिलीत, ना अंगावरचा आकडा वाचलात. असल्या भाबडेपणाची मला फार धास्ती वाटते, कारण त्यापायी मी दोन जिवांचा घात करणार होतो.

कारखान्यात साच्यातून बाहेर आलो तेव्हा मी गरम होतो. एका बाईंनी मला सगळीकडून दाबून पाहिलं. माझ्या कुशीवर चार आकडे होते. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तेच माझं वय. तिथेच कडेने काही छोटे त्रिकोण होते. प्रत्येकाच्या समोर, खाचेच्या तळाशी, रबराची एक बुटकी आडवी पट्टी होती. रबर झिजून त्या पट्टीच्या बरोबरीला आलं, की टायर संपला.

माझा पहिला मालक जमिनी मोजायचा. दर रविवारी उकिडवा बसून तो माझी खाच तपासायचा. "काय पकड आहे!" असं म्हणून मला थोपटायचा. मला ते कौतुक आवडायचं, पण हा आपल्याला काढायला तर टपला नाही ना, अशी शंकाही यायची. चार वर्षांनी माझा मधला भाग सपाट झाला, पट्टी रबराच्या बरोबरीला आली आणि त्याने खरंच मला काढलं. मला राग आला होता. आता कळतं, तोच एक शहाणा होता.

पुढे मी एका टायरच्या दुकानामागे पाच वर्षं पडून राहिलो. ऊन, धूळ, अंगावर भेगा. दुकानदाराला सगळे गोडबोल्या म्हणत. एके दिवशी तो माझ्याकडे पाहून हसला. त्याने तापलेलं पातं घेऊन माझ्या झिजलेल्या खाचा खोल कोरल्या. वरून काळं पॉलिश चोपडलं. अरे देवा, मी तर नव्यासारखा चमकायला लागलो!

त्याने मला एका परिचारिकेच्या गाडीला बसवलं. "ताई, डोळे झाकून चालवा," असं तो म्हणाला. ताई वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायची. एकही दिवस चुकवून चालणार नव्हतं. वडील मात्र दर खेपेला काहीतरी खुसपट काढायचे. कधी हेल्मेटला वास येतो, कधी गुडघा धरलाय. निवृत्त होण्याआधी ते दुकानांतले वजनकाटे तपासायचे. संशय त्यांच्या अंगात मुरला होता.

दुसऱ्याच दिवशी ते अंगणात माझ्यापाशी थबकले.

"हा टायर मला बरा दिसत नाही."

"बाबा, आज नवीन बहाणा का? खाचा बघा केवढ्या खोल आहेत!"

"खाचा खोल आणि मधला भाग पाटासारखा सपाट? काहीतरी गडबड आहे."

"तुम्हाला तर दुधातही पाणी दिसतं."

"असतं म्हणून दिसतं!"

ताईचे डोळे भरून आले. "तुम्हाला जगायचंच नाही का हो? बसा ना गपचूप."

मित्रांनो, मला ओरडावंसं वाटलं, की अगं, ते खरं बोलताहेत! पण टायरला कुठलं तोंड? बाबा गाडीवर बसायला वळलेसुद्धा. मग ताईच चिडून खाली बसली. "थांबा, आत्ता दाखवते." तिने माझ्या कुशीवरचा त्रिकोण शोधला आणि बोट सरळ खाचेत घातलं. पट्टी नव्हती. दुसरा त्रिकोण शोधला. तिथेही नव्हती. गोडबोल्याच्या पात्याने खाचेबरोबर पट्ट्याही कापून नेल्या होत्या. त्यांच्या जागी रबरातून आतला धागा डोकावत होता. मग तिने आकडा वाचला. मी नऊ वर्षांचा होतो.

ताईने वर बाबांकडे पाहिलं. "मला वाटलं, तुम्ही टाळताय."

बाबा म्हणाले, "अगं, टाळत तर होतोच. पण टायरही खराबच आहे."

ती रडता रडता हसली. पुढे तिने मला चाकावरून उतरवून घेतलं आणि करवतीने आरपार चिरलं, मी पुन्हा कुणाच्या गळ्यात पडू नये म्हणून. मला त्याचं वाईट वाटलं नाही. खरं सांगतो, इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मुलांनो, घरातलं कुणी गाडीला किल्ली लावण्याआधी खाली बसा. त्रिकोण शोधा, बोट घाला, पट्टी चाचपा, आकडा वाचा, भेगा बघा. आमची चमक पाहून भुलू नका. आमच्यावर खुशाल संशय घ्या, आम्हाला राग येत नाही.

त्या दिवशी बाबा ताईबरोबर शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात गेले. एकही खुसपट न काढता गेले. आणि संध्याकाळी बापलेक दोघंही घरी परतली.