रेघेखालचं

लेकीला सकाळचा डोस पाजून झाला की ती बाटली उजेडात धरायची आणि औषध जिथवर असेल तिथे काचेवर पेनाने बारीक रेघ ओढायची. दुपारचा डोस सासूबाई द्यायच्या, कारण तेव्हा ती ऑफिसात असायची. संध्याकाळी औषध रेघेच्या जरासं खाली दिसलं की तिचा जीव भांड्यात पडे.

बुधवारी औषध रेघेलाच टेकलेलं होतं. गुरुवारीही. मनात पाल चुकचुकली.

"तुला सगळ्यातच काळंबेरं दिसतं," नवरा म्हणाला. "आईनं मला नाही वाढवलं?"

"तुला आकड्या येत नव्हत्या."

तीन वर्षांच्या चिमणीला शेवटची आकडी येऊन सहा महिने झाले होते. एकही डोस चुकवायचा नाही, डॉक्टरांनी बजावलं होतं. बुधवारी घरात वेगळं असं काय झालं, ते ती आठवत राहिली. आदल्या संध्याकाळी प्रार्थनेच्या बाई येऊन गेल्या होत्या. सासूबाईंना नवं बायबल देऊन गेल्या होत्या, जाडजूड, सोनेरी कडांचं. फुकट. एवढं महागाचं पुस्तक कोण कशाला फुकट देईल?

शनिवारी ती न सांगताच लवकर घरी आली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत सासूबाई चिमणीला मोठ्यांदा वाचून दाखवत होत्या: बारा वर्षं आजारी असलेली बाई, वैद्यांवर घालवलेला सगळा पैसा, शेवटी प्रभूच्या वस्त्राला केलेला स्पर्श. ही गोष्ट तिला लहानपणापासून पाठ होती. पण सासूबाई थांबल्या नाहीत. त्याच आवाजात, त्याच ठेक्यात पुढे वाचत गेल्या, "ज्याच्या हातात औषधाची बाटली, त्याच्या हाती वस्त्राचा काठ कसा लागेल?"

ती तशीच चपलांसकट आत गेली. फळीवरची बाटली उचलली. औषध रेघेवर.

"आई, दुपारचं औषध दिलंत?"

सासूबाई दचकल्या, पण खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "नाही दिलं. बुधवारपासून नाही दिलं. शास्त्रातच सांगितलंय, मी काय करू?"

"शास्त्रात असं काही नाहीये."

"आता तू मला शिकव! तुझा जन्म व्हायच्या आधीपासून वाचतेय मी."

तिने कपाटातून स्वतःचं जुनं बायबल काढलं, तोच अध्याय उघडला आणि गोष्ट शेवटपर्यंत वाचून दाखवली. बाटलीबिटली कुठेच नव्हती.

"तुझं जुनं आहे," सासूबाई म्हणाल्या. "या नव्यात पुरं दिलंय."

"शास्त्र काय साबण आहे, नव्या पाकिटात जास्त यायला?"

"जीभ आवर. एकाच पुठ्ठ्यात बांधलंय ना सगळं?"

तिने खिडकीत ठेवलेलं वाचायचं भिंग आणलं आणि नव्या पुस्तकाच्या पानावर धरलं. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन त्या दर वर्षी पुढे ढकलत. वाकून त्यांनी पानावर बोट फिरवलं. मध्येच थांबून नखाने काहीतरी खरवडू लागल्या.

"केस पडलाय इथे."

"तो निघायचा नाही, आई. छापलेला आहे. रेघ आहे ती. वर शास्त्र, खाली टिपा."

सासूबाईंचं नख तिथेच राहिलं. "मग खालचं कोणाचं?"

तिने सुरुवातीची पानं उलटली. टिपा लिहिणारे प्रार्थनेच्या बाईंचे थोरले भाऊ होते.

"तो!" सासूबाई ताडकन सरळ झाल्या. "गेल्या वर्षी दोन्ही डोळे करून घेतले मेल्यानं. मीच भेटायला गेले होते संत्री घेऊन!"

तिला हसू आलं, पण सासूबाईंनी ते टिकू दिलं नाही. "आणि तू जे उठता-बसता म्हणतेस, जो जागतो त्याच्याच घराची देव राखण करतो, ते दाखव बघू. तुझ्या जुन्यात असेल ना?"

"असणारच." स्तोत्रांत असावं, असं तिला पुसटसं आठवत होतं. बरंच शोधल्यावर पहारेकरी सापडला. तिने वाचलं, पुन्हा वाचलं.

"काय गं?"

"उलटंच आहे. देवाने राखलं नाही, तर पहारेकऱ्याचं जागणं फुकट." तिचा आवाज बारीक झाला. "मी म्हणते ते संडे स्कूलच्या बाई फळ्यावर लिहायच्या."

सासूबाईंनी चिमणीला मांडीवर घेतलं, चमचा मागितला, औषध पाजलं. मग बाटली डोळ्यांजवळ नेली, काच बोटाने चाचपली. "पेन दे."

त्यांनी जाडजूड, वाकडी रेघ ओढली.

"तुझी फार बारीक असते. मला काही दिसत नाही, म्हणून पाळत ठेवतेस होय?"

तिची मान खाली गेली.

सोमवारी दुपारी ऑफिसात तिने तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवला. संध्याकाळी घरी आली तेव्हा औषध रेघेच्या खाली होतं. नीट, हवं तेवढं. त्या औषधाला संत्र्याचा वास यायचा. बाटली जागेवर ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि आधी बेसिन हुंगलं. मग चिमणीचं तोंड.