अँप्लिफायरखालचा दगड

रविवारी सकाळी डॉक्टरांच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग दारातून थेट जिन्यापर्यंत गेला होता. सोफ्यावर निवृत्त न्यायाधीश, त्यांच्या शेजारी विमा कंपनीतल्या बाई, खिडकीच्या कठड्यावर वरच्या मजल्यावरचे इंजिनियर, आणि उरलेले सगळे मिळेल तिथे मांडी घालून. कुणी खोकलं तरी चार जण मागे वळून बघत होते.

सगळ्यांच्या नजरा एका टेबलावर खिळल्या होत्या. टेबलावर डॉक्टरांचा अँप्लिफायर आणि त्यातून निघालेली हेडफोनची वायर. वायरीला जमिनीचा तर सोडाच, टेबलाचाही स्पर्श होऊ नये म्हणून तिच्याखाली छोट्या छोट्या लाकडी घोड्या ओळीने मांडल्या होत्या. आणि टेबलामागे उभे होते आवाज सुधारून देणारे नादगुरू. डॉक्टर लोक स्टेथोस्कोप अडकवतात तसा गळ्यात हेडफोन, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि आवाज असा, की साधं ‘पाणी मिळेल का’ म्हणाले तरी प्रवचन वाटावं.

“वीज म्हणजे काय?” नादगुरूंनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, “प्रवासी! कारखान्यातून निघते, डोंगर ओलांडते, तारांना लोंबकळत येते आणि दमूनभागून तुमच्या प्लगपाशी पोचते. त्या दमलेल्या इलेक्ट्रॉनला तुम्ही काय देता? पत्र्याचं टेबल! त्याला विसावायला आसन नको?”

“हवंच!” न्यायाधीश म्हणाले. आयुष्यभर पुराव्याशिवाय पाऊल न टाकलेला माणूस, पण इलेक्ट्रॉनच्या दगदगीने अगदी हेलावून गेला होता.

नादगुरूंनी न्यायाधीशांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि व्हायोलिनची एक तान ऐकवली. न्यायाधीशांनी मान हलवली. ठीक आहे, चांगलं आहे.

“आता पंखा बंद करा. शिळेला वारा सोसत नाही.” पंखा थांबला. नादगुरूंनी मखमली पिशवीतून साबणाच्या वडीएवढा काळा गुळगुळीत दगड काढला. हीच ती नादशिळा. एका हाताने त्यांनी ती अँप्लिफायरखाली सरकवली. तापलेल्या लेकराच्या कपाळावर आई हात ठेवते तसा दुसरा हात अँप्लिफायरच्या दर्शनी बाजूवर ठेवला आणि डोळे मिटले. पुन्हा तीच तान लागली.

न्यायाधीशांच्या भुवया कपाळात गेल्या. “अहाहा! वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतोय हो!”

मग काय विचारता! विमावाल्या बाईंना श्वासाबरोबर बाहीची सळसळही ऐकू आली. इंजिनियरसाहेबांना वाजवणारा बसला होता ती खुर्ची कुरकुरलेली ऐकू आली. ती वेताची होती, हेसुद्धा त्यांनी ठामपणे सांगितलं. आणि भिंतीला टेकून उभे असलेले डॉक्टर, स्वतःच्या घरी घडणारा हा चमत्कार पाहून, नव्या नवऱ्यासारखे लाजत होते.

हे डॉक्टर म्हणजे दातांचे. गावात त्यांचा दरारा होता तो मात्र दातांमुळे नव्हे. ठणकणाऱ्या दाढेवर मंतरलेला दोरा बांधून कुणी आलं, की ते त्याला दाढ दुखायची विसरेल इतकं झापत. शाळाशाळांतून जाऊन बुवाबाजीवर भाषणं देत, हवेतून राख काढून दाखवत आणि लगेच ती कुठून काढली तेही सांगत. असला माणूस एका दगडावर भाळला कसा? त्याचं कारण डॉक्टरांना पुढे कळलं, तेव्हा त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. नादगुरूंनी देवाचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. ते इलेक्ट्रॉन म्हणायचे, कंपन म्हणायचे, अनुनाद म्हणायचे. डॉक्टरांच्या पहाऱ्याला देवाच्या नावाचीच चोरपावलं ओळखता येत होती. विज्ञानाचा डगला घालून आलेल्याला त्या पहाऱ्याने सलाम ठोकून आत घेतलं.

आत घेतल्यावर पाहुण्याने घराची उलथापालथ केली. कपाट आवाज ‘पितं’ म्हणून ते घरातल्या बोळात गेलं आणि घरातले सगळे खेकड्यासारखे आडवे चालू लागले. फ्रिजची मोटर विजेला चिडवते म्हणून फ्रिज गॅलरीत गेला आणि तिथल्या उन्हात दूध नासू लागलं. डॉक्टरांची खुर्ची आधी खिडकीकडे तोंड करून होती, मग भिंतीकडे, मग कोपऱ्यात तिरकी. शिक्षा झालेल्या मुलासारखे डॉक्टर कोपऱ्यात तोंड घालून बसायचे आणि चेहऱ्यावर परमानंद असायचा.

त्यांची बायको डोळे तपासायची. इमारतीच्या तळमजल्यावर तिचं चष्म्याचं दुकान होतं. तिने एकदाच विचारलं, “अहो, आवाज येतो कानाला चिकटलेल्या हेडफोनमधून. मग कपाट हलवून काय होणार?”

“तुला नाही कळायचं ते,” डॉक्टर म्हणाले. राख काढणारे बुवा त्यांना हेच वाक्य ऐकवत आले होते, पण त्या वेळी ते काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण घरात नाना होते, डॉक्टरांचे वडील. नानांना कमी ऐकू यायचं आणि कानाचं मशीन लावल्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. एका रविवारी नादगुरूंनी मशीन काढायला लावून नानांच्या कानांवर हेडफोन चढवला, शिळा सरकवली, अँप्लिफायरच्या कपाळावर हात ठेवला. नानांनी डोळे मोठे केले, मुलाकडे पाहिलं आणि हात वर करून म्हणाले, “छान!”

“पाहिलंत?” नादगुरू गरजले. “कान मेलेले नाहीत, झोपलेले आहेत! रोज शिळेपाशी बसवा. मशीनच्या कुबड्या काढून टाका, कान आपले आपण जागे होतील.”

डॉक्टरांना भरून आलं. त्यांनी स्वतःच्या हाताने मशीन खणात ठेवून दिलं. सुनेने हरकत घेतली, तेव्हा नानाच तिला म्हणाले, “राहू दे गं, त्याची इच्छा आहे.”

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नाना संध्याकाळी केस कापायला बाहेर पडले. गल्लीच्या तोंडाशी सामानाचा टेम्पो मागे येत होता. ड्रायव्हरने हॉर्न दिला, लोक ओरडले, नाना आपल्याच तंद्रीत चालत राहिले. शेवटच्या क्षणी कुणीतरी त्यांना दंडाला धरून ओढलं. दोघेही आपटले. नानांचं कोपर सोलून निघालं आणि चष्मा टेम्पोच्या चाकाखाली गेला.

घरी आणल्यावर सून जखम पुसायला बसली. “नाना, हॉर्न ऐकू नाही आला?”

नाना तिच्या ओठांकडे बघत राहिले. “फोन? नाही बाई, कुणाचा फोन नाही आला.”

डॉक्टर दारात उभे होते. खण उघडून त्यांनी मशीन आणलं आणि बायकोच्या हाती दिलं. तिने ते नानांच्या कानात बसवलं.

आता तरी डोळे उघडावेत ना? छे! दातांचा डॉक्टर तो, मुळापर्यंतची कीड निघाल्याशिवाय त्याचं दुखणं कसं थांबणार? जेवताना ते पुटपुटले, “मी चुकलोच. दगडाने कान बरे होणार नाहीत. पण आवाज सुधारतो, हे मात्र मी स्वतः ऐकलंय.”

बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं. “ठीक आहे. मग रविवारी सगळ्यांसमोर तुमची परीक्षा घेते. चालेल?”

“अगदी खुशाल घे!” डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात असा आत्मविश्वास होता, की पुढे कित्येक महिने तो आठवला की ते उशीत तोंड लपवत.

रविवारी नेहमीचा मेळा जमला. बायको पुढे आली आणि नादगुरूंना म्हणाली, “तुमची काही हरकत नसेल तर जरा मी बोलते. माझ्याकडे लोक चष्म्याला येतात. मी भिंग बदलते आणि विचारते, आधीचं बरं की हे बरं? पुष्कळजण म्हणतात, हे. आणि कधी कधी मी मुद्दाम भिंग बदललेलंच नसतं, नुसता खुट् आवाज केलेला असतो. ती माणसं खोटं बोलत नाहीत हो. त्यांना खरंच जास्त स्पष्ट दिसतं. म्हणून नंबर काढताना मी एकदा तरी तसं करून बघते. तसंच आज इथे करू या.”

“संशयाच्या खोलीत शिळा मौन धरते,” नादगुरू म्हणाले.

“काही मौनबिन धरत नाही, मी ओळखतो तिला!” डॉक्टर तावातावाने पुढे आले. त्या क्षणी नादगुरूंचा सर्वांत मोठा भक्त त्यांना सर्वांत जास्त महागात पडला.

बायकोने कपडे वाळत घालायची दोरी बांधून टेबलासमोर चादर टाकली. आवाजाचं बटण एका जागी धरून त्यावर चिकटपट्टी लावली. पंखा बंद केला आणि शेवटपर्यंत बंदच ठेवला. नादगुरूंना सोफ्यावर न्यायाधीशांच्या शेजारी बसवलं. डॉक्टर कानांवर हेडफोन चढवून चादरीकडे पाठ करून बसले आणि त्यांनी डोळे मिटले. व्हायोलिन सुरू झालं. मागून खुट् झालं.

“आहे,” डॉक्टर म्हणाले. “शिळा आहे. श्वास आला.”

पुन्हा खुट्.

“आता काढलीत. एकदम कोरडं झालं बघा, पापडासारखं.”

खुट्.

“आहे! अहाहा! काय ती उबदार...” डॉक्टर मान डोलावू लागले. मागे कुणीतरी फिसकन हसलं, पण व्हायोलिनच्या नादात ते त्यांच्या लक्षात आलं नाही. ते रंगात येऊन सांगत राहिले: आता आहे, आता नाही, आता आहे पण किंचित डावीकडे सरकलेली. शेवटी बायकोने खांद्यावर थोपटलं तेव्हा त्यांनी विजयी मुद्रेने हेडफोन काढला आणि मागे वळले.

शिळा नानांच्या मांडीवर होती.

“ही तिथे केव्हा गेली?”

“पहिल्यापासून तिथेच आहे,” विमावाल्या बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शाळेत एवढ्या मुलांसमोर त्यांनी बुवांची फजिती करून दाखवली होती. फजिती होताना आतून कसं वाटतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

न्यायाधीश मात्र हसत नव्हते. “हे चुकले असतील. पण मी श्वास ऐकला होता, माझ्या या कानांनी!”

“ऐकलाच असेल,” बायको म्हणाली. तिने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला, पंखा लावला, तान ऐकवली. मग पंखा बंद केला, चिकटपट्टी काढली आणि नादगुरूंसारखाच अँप्लिफायरच्या कपाळावर हात ठेवला.

“हां! हाच तो श्वास!” न्यायाधीश ओरडले.

“दगड अजून नानांच्याच मांडीवर आहे. मी फक्त अंगठ्याने बटण केसभर फिरवलं. आवाज एवढासाच वाढला, की तो मोठा झाला असं कानाला वाटत नाही. जास्त भरलेला, जास्त स्वच्छ वाटतो. आणि या हेडफोनला बाहेरून जाळी आहे, त्यातून पंख्याची घरघर आत येते. ती थांबली की बारीकसारीक आवाज आपोआप वर येतात. म्हणून शिळेला वारा सोसत नाही.”

सगळ्यांच्या माना सोफ्याकडे वळल्या. नादगुरू उठले. नानांच्या मांडीवरचा दगड उचलून त्यांनी पिशवीत घातला आणि दाराशी थांबून म्हणाले, “विज्ञानाला अजून पुष्कळ गोष्टी कळायच्या आहेत.”

“त्या कळतील तेव्हा कळतील,” इंजिनियर म्हणाले. “ही आज कळली.” मग जरा घुटमळून ते म्हणाले, “आणि ती वेताची खुर्ची... ती मी ऐकली नव्हती. बाईंना बाही ऐकू आली, म्हटलं आपणच मागे का राहायचं?”

“मला कुठे आली होती?” बाई म्हणाल्या. “साहेबांना श्वास ऐकू आला म्हणून...”

डॉक्टर नानांसमोर खाली बसले. “नाना, पण तुम्ही तर छान म्हणालात.”

“मोठ्याने लावलं तेव्हा थोडंफार आलं की कानावर,” नाना म्हणाले. “बाकी काय, तुझ्या तोंडाकडे पाहिलं. लहानपणी सायकल चालवता आली तेव्हा दिसला होतास तसा दिसत होतास. माझ्याने ते मोडवेना.”

डॉक्टरांना आपल्या मूर्खपणाची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. बटण नादगुरूंनी फिरवलं होतं हे खरं, पण उरलेली सगळी जादू त्या खोलीतल्या माणसांनी एकमेकांचा मान राखत उभी केली होती. आणि तिची किंमत भर रस्त्यात नाना मोजता मोजता वाचले होते.

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून त्यांनी नानांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे तपासणी झाली, मशीन नव्याने जुळवून मिळालं. कपाट आणि फ्रिज आपापल्या जागी आले. चांगल्या आवाजासाठी डॉक्टरांनी जे करण्यासारखं होतं तेवढंच केलं. हेडफोनच्या झिजलेल्या गाद्या बदलल्या, ऐकायची जागा रस्त्याकडच्या खिडकीपासून आतल्या खोलीत नेली, ऐकताना पंखा बंद करायचा ठरवलं आणि बटण कमीवर ठेवलं.

पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्यांना पुन्हा बोलावलं. नानांना नीट ऐकू यावं म्हणून ते त्यांच्याजवळ उभे राहिले आणि सवयीने आवाज चढवून बोलू लागले.

“मंडळी, मी शहाणा आहे असं तुम्ही समजत होतात. मी तर तुमच्याहून जास्त समजत होतो. म्हणूनच मी सापडलो. फसवणारा आपल्याला जी भाषा आवडते तीच बोलतो. कुणाला मंत्र आवडतो, मला इलेक्ट्रॉन आवडला. तेव्हा भाषेवर जाऊ नका, माणसाच्या थाटावर जाऊ नका, माझ्यासारख्याच्या शब्दावर तर मुळीच जाऊ नका. झाकून बघा. काय बदललंय ते न कळता फरक ओळखता येतो का, एवढंच बघा. जो झाकून बघू देत नाही, त्याला घरात घेऊ नका. नाही ऐकू आलं तर नाही ऐकू आलं म्हणा, शेजाऱ्याला वाईट वाटलं तरी म्हणा. आणि कानाचं, डोळ्याचं, कशाचंही दुखणं असेल तर त्याच्या डॉक्टरकडे जा, उपचार चालू असेल तर कुणाच्या सांगण्यावरून...”

“अरे, हळू बोल की,” नाना कानावर हात ठेवत म्हणाले. “मला ऐकू येतंय.”