दोनशे फोन आणि बाईंचा आवाज

राग माझ्या नाकावर असतो, मान्य आहे. पण धोक्याची सूचना ऐकून माणसं जागची हलत नाहीत म्हटल्यावर तुम्हीही चिडला असता.

माझं काम सरळ होतं. ऑफिसातल्या दोनशे टेबलांवरचे फोन असे बसवायचे की आग वगैरे लागली तर मी एक बटण दाबलं की सगळे एकदम वाजतील, स्पीकर आपोआप सुरू होईल आणि सूचना ऐकू येईल : काम सोडा, जिन्याने खाली या. मशीनचा तयार आवाज माझ्याकडे होता. पण साहेब म्हणाले, "बाई असताना मशीन कशाला?"

बाई म्हणजे आमच्या टेलिफोन ऑपरेटर. एकतीस वर्षं त्यांनी या इमारतीतल्या प्रत्येकाला फोन जोडून दिला. माझी नवी यंत्रणा आली आणि त्यांचं काम संपलं, तरी त्या माझ्यावर रागावल्या नव्हत्या. त्यांना दुसरीच काळजी होती. घशात गाठ निघाली होती आणि पुढच्या आठवड्यात डॉक्टर स्वरयंत्रच काढून टाकणार होते.

"घ्यायचा तर लवकर घे गं आवाज," त्या म्हणाल्या. "माल संपत आलाय."

मला काही हसू आलं नाही.

पहिल्या चाचणीला मी खाली आवारात घड्याळ धरून उभी राहिले. दहा मिनिटं झाली तरी चिटपाखरू फिरकेना. वर जाऊन बघते तर काय, दोनशे जण रिसीव्हर कानाला लावून बसलेले! बाईंचा आवाज आला की फोन उचलायचा, ही एकतीस वर्षांची सवय. उचलला की स्पीकर बंद, आणि बाई आता कोणाशी जोडून देतात म्हणून सगळे थांबलेले. टपाल विभागातले काका तर रेकॉर्डिंगला विचारत होते, "बाई, घसा कसा आहे आता?" आणि उत्तराची वाट बघत होते. मी कपाळाला हात लावला.

"मशीनचाच आवाज टाका," साहेब म्हणाले.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "लोकांचा जीव जाण्यापेक्षा माझा आवाज गेलेला बरा."

हे त्या अगदी सहज बोलल्या. साहेबांकडून मी आणखी एक संधी मागून घेतली, भांडूनच.

"बाई, या वेळी दटावून बोला. दरडावा चांगलं."

पण त्यांनी जन्मात कोणाला दरडावलं नव्हतं. पाच वेळा रेकॉर्डिंग केलं, पाचही वेळा "कृपया" आणि "जरा येता का" मध्ये घुसलंच.

"बाई, आग लागलीय!" मी ओरडले.

त्या म्हणाल्या, "आग लागली तर मी कुठे असेन गं?"

"खाली. आवारात."

त्यांनी माइक जवळ ओढला. "फोन उचलू नका. मी खाली उभी आहे. तुम्ही सगळे डोळ्यांना दिसेपर्यंत मला चैन पडायचं नाही. या."

मी सहावं रेकॉर्डिंग ठेवून दिलं.

दुसरी चाचणी दीड महिन्याने झाली. बाई रजेवर होत्या, तरी आल्या. गळ्याभोवती रुमाल, हातात वही. माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी बटण दाबलं. वरच्या उघड्या खिडक्यांमधून त्यांचा आवाज आला आणि माझ्या लॅपटॉपवर दिसत होतं, एकानेही फोन उचलला नाही. चार मिनिटांत सगळे खाली. प्रत्येक जण आधी बाईंना तोंड दाखवून मग रांगेत जात होता, साहेबसुद्धा.

चाचणी पास झाली. मंडळी वर गेली. मी लॅपटॉप आवरायला घेतला, तर बाईंनी माझी बाही ओढली आणि वहीत लिहिलं : "सगळ्यांकडे बघण्यात मला ऐकूच आलं नाही. पुन्हा लावतेस?"

लोक जेमतेम खुर्चीला टेकले असतील. साहेब मला फाडून खातील, हेही माहीत होतं. मी बटण दाबलं.

बाईंनी डोळे मिटले. रुमालावर हात ठेवून त्या शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत राहिल्या. एव्हाना जिन्यात पुन्हा पावलं वाजू लागली होती. टपालवाले काका अर्धा कप चहा घेऊन, धापा टाकत आले. पाठोपाठ बाकीचेही. "आता काय?" असं कोणीही विचारलं नाही.

बाईंनी डोळे उघडले तेव्हा सगळे समोर उभे होते.