मागच्या व्हरांड्याचा खांब

डॉक्टरांचा उभा जन्म लोकांच्या तोंडात गेला. दातांचे डॉक्टर ते. कीड कोरून काढायची, भोक बुजवायचं, पिवळे दात पांढरे करायचे, हाच उद्योग. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी बरोबर उलटा धंदा मांडला. चांगल्या धडधाकट लाकडाला आता ते हौसेने कीड लावत बसत.

दवाखान्याच्या खोलीत रुग्णांची खुर्ची होती, तिथे आता मोठं टेबल आलं होतं आणि त्यावर वीतभर लांबीची आगगाडी फिरत होती. रूळ आणि इंजिन विकतचं, पण इमारती डॉक्टरांच्या हातच्या. काडीएवढ्या पट्ट्या तासायच्या, चिमट्याने चिकटवायच्या, आणि मग खरी गंमत, म्हणजे ते सगळं जुनं करायचं. व्हिनेगरमध्ये तारेची घासणी भिजत घातली की त्या पाण्याने कोरं लाकूड राखाडी पडतं. रंगाखाली मीठ भुरभुरलं आणि वरून घासलं की छान पोपडे निघतात. घरातलं मीठ संपायचं, घासण्या गायब व्हायच्या.

“लोक नवं घेतात आणि ते जुनं होतं म्हणून रडतात,” त्यांची बायको म्हणायची. “आमच्याकडे सगळा उलटा कारभार.”

पण या वेळचं काम नुसत्या हौसेचं नव्हतं. डॉक्टर अण्णांचं स्टेशन बांधत होते. अण्णा म्हणजे त्यांचे वडील, एका लहानशा लाकडी स्टेशनाचे मास्तर. ऑफिसच्या मागच्या दोन खोल्यांत सगळं कुटुंब राहायचं. डॉक्टर शाळेतही जायला लागले नव्हते तेव्हा अण्णांची बदली झाली, आणि पुढे ते स्टेशनही पाडलं गेलं. डॉक्टरांना आठवत होता तो धुराचा वास, आणि हाताशी होता समोरच्या बाजूचा एक फोटो. बाकी सगळा अंदाजपंचे मामला.

ते स्टेशन नीट पाहिलेलं माणूस आता जगात एकच उरलं होतं, ते म्हणजे त्यांची थोरली बहीण, ताई. ती रविवारी येणार होती. तिने एकदा बघून “हे आपलं घर” म्हणावं, एवढंच डॉक्टरांना हवं होतं. आणि ताईच्या तोंडचं कौतुक म्हणजे उंबराचं फूल. डॉक्टर परीक्षेत पहिले आले, तेव्हासुद्धा ती म्हणाली होती, “बरं झालं. पण किती वाळलायस!”

रविवारी ताई आली, पाणी प्यायली, खुर्ची ओढून टेबलाशी बसली. डॉक्टरांनी वरचं फडकं काढलं. ताईने चष्मा पुसला, घातला आणि बराच वेळ बघितलं.

“कुठलं रे हे स्टेशन?”

“कुठलं म्हणजे? आपलं!”

“छे! अण्णांच्या राज्यात एवढा मळ? रोज सकाळी ते खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवायचे. बोट काळं झालं की हमालाची शंभरी भरली.”

डॉक्टरांचं तोंड एवढंसं झालं. दारातून बायको म्हणाली, “गेल्या ना माझ्या घासण्या फुकट?”

“जुनं लाकूड असंच दिसतं,” डॉक्टर घुश्शात म्हणाले. “ऊन खातं, पाऊस खातं, इंजिनाचा धूर खातं.”

“ते खाल्लंय सगळं. पण माणसं कुठायत?”

डॉक्टरांनी फलाटावरची प्लॅस्टिकची माणसं दाखवली. नखाएवढा हमालसुद्धा होता.

“ती नव्हे रे, गुंड्या. ही तिकिटाच्या खिडकीची फळी बघ. ही काळी कशी? अख्खा गाव तिच्यावर कोपर टेकून अण्णांशी भांडायचा. आरशासारखी गुळगुळीत होती ती. आणि हे दार! अण्णांच्या एका हातात कंदील, दुसऱ्या हातात झेंडे, मग दार उघडायचं कशाने? पायाने! खालचा रंग कधी टिकलाच नाही. तू सगळीकडे एकसारखं जुनं केलंयस. एकसारखं कुठे काय झिजतं का?”

डॉक्टर फळीवर वाकले. कुणी उजवीकडून चावतं, कुणी झोपेत दात खातं, हे ते रुग्णाने आ केल्याबरोबर सांगायचे. एकदा तर समोरच्या दातातली बारीक खाच पाहून त्यांनी विचारलं होतं, “शिवणकाम करता का?” आणि खरंच शिंपी निघाला तो, जन्मभर दाताने दोरा तोडलेला. हे सगळं कळणाऱ्या माणसाने बापाच्या घराला मात्र सरसकट राख फासली होती. त्यांना स्वतःचाच राग आला आणि मग हसू फुटलं.

“सांग,” ते म्हणाले आणि दात चमकवायचं यंत्र काढलं.

ताई सांगत गेली, डॉक्टर करत गेले. फळी गुळगुळीत झाली. दाराच्या तळाचा रंग उडाला. बाकाचं एकच टोक झिजवलं, कारण हमाल दुसऱ्या टोकाला बसायचाच नाही. बायको चहा घेऊन आली आणि तीही स्टूल ओढून बसली. दोघी मिळून डॉक्टरांना इतके हुकूम सोडायला लागल्या की त्यांना पूर्वीच्या आपल्या रुग्णांची दया आली.

मग ताईने स्टेशन अलगद वळवलं. मागचा व्हरांडा ही बाजू डॉक्टरांनी निव्वळ कल्पनेने केली होती. ताईने एका खांबावर नख टेकवलं.

“इथे खाच हवी. गुडघ्याच्या उंचीवर.”

“कसली?”

“दोरीची. आई चुलीपाशी, अण्णा गाडीवर. आणि मागच्या रुळावर मालगाडीची शिट्टी झाली की तू धूम ठोकायचास तिकडे. मग मी तुझ्या कमरेला दोरी बांधायचे आणि दुसरं टोक या खांबाला. गाडी जाईपर्यंत इथेच बसायचे.”

“आणि तुझी शाळा?”

“उशीर व्हायचा. बाई उभं करायच्या बाहेर.”

“ताई, कधी बोलली नाहीस!”

“त्यात काय बोलायचं? गाडी रोजच यायची.”

बायकोने दिवा जवळ सरकवला. डॉक्टरांनी ड्रिलला सगळ्यात बारीक टोक लावलं आणि ते रुळांच्या बाजूने खांबाला टेकवलं.

“तिकडून नको,” ताई म्हणाली. “तू रुळाकडे ओढायचास, म्हणजे दोरी घराकडच्या बाजूला रुतायची.”

घराकडची बाजू दिसत नव्हती. डॉक्टरांनी दात बघायचा छोटा आरसा व्हरांड्यात सरकवला. दुसऱ्या हाताने ड्रिल खांबामागे नेलं. ताईने तो हात मनगटाशी घट्ट धरला. बारीक भुसा उडाला, खांबावर एक रेघ उमटली. डॉक्टरांनी ड्रिल थांबवून तिच्याकडे पाहिलं.

ताईने वाकून आरशात बघितलं. मनगट काही सोडलं नाही.

“अजून खोल,” ती म्हणाली. “फार ओढायचास तू.”