शिवलीलाच्या डोळ्यांना लावलेली दुर्बीण

बोलतेय ती मी, एक दुर्बीण. सोलापुरात आसरा चौकाच्या मागच्या बाजूला एक घर आहे. त्या घरातल्या कपाटात, वरच्या कप्प्यात माझा मुक्काम आहे. माझ्याशेजारी एक चष्मा ठेवलेला आहे. त्याची उजवी काच डाव्या काचेपेक्षा बरीच जाड आहे. आम्ही दोघं एकाच मुलीच्या नाकावर टेकत होतो. आता दोघांनाही काम नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला सांगता येणार नाही. अंगावरची अक्षरं केव्हाच झिजून गेली. एवढंच आठवतं की कुणीतरी माझी भिंगं मऊ फडक्यानं पुसली, उजेडाकडे धरून पाहिली आणि मला खोक्यात ठेवलं. त्या माणसाचं तोंडही मला नीट दिसलं नाही. फार जवळचं मला दिसत नाही.

माझे पहिले मालक कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधले एक साहेब होते. रविवारी ते मला गळ्यात अडकवून उजनीच्या पाण्याकाठी जायचे. केळीच्या बागांच्या पलीकडे, उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे असायचे. साहेब तासन्‌तास त्यांच्याकडे बघत बसायचे आणि शेजारी उसाला पाणी देणारा मोटारपंप धडधडत असायचा. ते दिवस चांगले होते.

माझी एक खोड आहे. हल्लीच्या दुर्बिणींना मधोमध एक चाक असतं. ते फिरवलं की कुणालाही स्पष्ट दिसतं. मला ते चाक नाही. माझ्या दोन्ही भिंगांना वेगवेगळं कडं आहे. डावं कडं डाव्या डोळ्याला जुळवायचं, उजवं उजव्या डोळ्याला. एकदा जुळलं की दूरचं बघताना पुन्हा हात लावायला लागत नाही. पण मग मी त्या एकाच माणसाची होते. दुसऱ्यानं डोळ्याला लावलं तर त्याला धुकं दिसतं.

साहेब गेले. मुलांनी घर आवरलं. मी नवी पेठेतल्या एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानात येऊन पडले. तिथून मला सोमशेखर यांनी घेतलं. ते चादरीच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. त्यांच्या मुलीचा, शिवलीलाचा, दहावीचा निकाल लागला होता. तिनं सोन्याचं काही मागितलं नव्हतं, मोबाईल मागितला नव्हता. तिला विमानं बघायची होती.

पहिल्या दिवशी ती मला गच्चीवर घेऊन गेली. चष्मा केसांत वर सरकवला आणि माझी कडी फिरवायला लागली. डावं लगेच जुळलं. उजवं ती फिरवत राहिली, फिरवत राहिली. जन्मापासून तिच्या उजव्या डोळ्याचा नंबर मोठा. कडं पार टोकाजवळ गेलं तेव्हा ती थांबली. समोरच्या टाकीवर बसलेली घार तिला दिसली असावी, कारण तिनं श्वास रोखून धरला.

"अप्पा, तिचं नख दिसतंय मला," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मी तिची झाले. सोमशेखर कधी हौसेनं मला डोळ्याला लावायचे आणि म्हणायचे, काहीच दिसत नाही की गं. ती हसायची. कड्याला मात्र हात लावू द्यायची नाही.

सोलापूरचा विमानतळ होटगी रस्त्याला आहे. पुष्कळ वर्षं तिथं विमान म्हणजे कुणीतरी मोठा माणूस आल्याची खूण होती. अलीकडे प्रवासी विमान सुरू झालं, पण शिवलीलाला त्यात गोडी नव्हती. त्याची वेळ मोबाईलवर कळते, ते कुणीही बघेल, असं ती म्हणायची. तिला सरकारी विमानं हवी असत. ती मोबाईलवर दिसत नाहीत. कधी येणार ते कुणी सांगत नाही.

पण बिरुदेवला कळायचं. बिरुदेव कुंभारीकडचा मेंढपाळ. विमानतळाच्या भिंतीबाहेरच्या माळावर त्याची मेंढरं चरायची. सरकारी विमान यायचं असलं की सकाळी पोलिसांची गाडी यायची आणि त्याला मेंढरं लांब न्यायला सांगायची. नुसता हवालदार आला तर राज्याचं लहान पंख्याचं विमान. गाडीबरोबर अग्निशमनचा बंब उभा राहिला आणि कुत्र्यांनाही हाकलायला लागले, तर दिल्लीचं. शिवलीलानं हे हिशेब बिरुदेवबरोबर बसून बांधले होते आणि ते सहसा चुकायचे नाहीत. मेंढरं हाकलली की बिरुदेव फोन करायचा. मग बापलेक स्कूटरवरून निघायचे आणि मी दोघांच्या मधे पिशवीत.

भिंतीबाहेर मुरमाचा एक उंचवटा आहे. त्यावर उभं राहिलं की धावपट्टीचं अर्ध्याहून जास्त अंग दिसतं. वायुदलाचं एक पांढरं जेट असतं, अंगावर निळी पट्टी, शेपटीवर तिरंगा. त्या जातीची चारच विमानं आहेत असं तिचं म्हणणं होतं, आणि चारही सोलापुरात उतरलेली बघायची असा तिचा हट्ट. शेपटीजवळ नंबर असतो. तो वाचला की ती मला खाली घ्यायची आणि डोळे मिटून ओठांतल्या ओठांत एकदा म्हणायची. लिहून कधी ठेवलं नाही. तिच्या आईनं, विजयमालाबाईंनी, एकदा विचारलं की अगं लिहून का ठेवत नाहीस. ती म्हणाली, अव्वा, लिहायला लागलं म्हणजे ते पाठ नाही.

पहिलं आलं ते हुरड्याच्या दिवसांत. नंबर एक्केचाळीस. बिरुदेवनं कणसं भाजली होती, तिची बोटं काळी झाली होती, माझ्या कड्यावर त्या राखेचा डाग बरेच दिवस होता. दुसरं निवडणुकीच्या उन्हाळ्यात. तिसरं आलं तेव्हा ती कॉलेज बुडवून गेली होती आणि घरी बोलणी खाल्ली होती.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस तिला ताप आला. डेंग्यू निघाला. दवाखान्यात ठेवलं तेव्हा मलाही पिशवीतून नेलं होतं, कारण खिडकीतून आकाशाचा एक तुकडा दिसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बिरुदेवचा फोन आला. बंब आलाय, कुत्री हाकलत्यात.

ती उशीवरून म्हणाली, "अप्पा, तुम्ही जाऊन या. एकच राहिलंय माझं."

सोमशेखर म्हणाले, "पुढच्या वेळी दोघं जाऊ की."

कुठलं राहिलंय, ते त्यांनी विचारलं नाही. कोण विचारणार? ताप उतरेल असंच सगळ्यांना वाटत होतं.

तो उतरला नाही.

घरात मग मला कुणी हात लावला नाही. विजयमालाबाईंनी चष्मा पुसून माझ्याशेजारी ठेवला. सोमशेखर कारखान्यातून यायचे, जेवायचे, टीव्ही न लावता टीव्हीसमोर बसायचे. माणसं भेटायला येत आणि देवाची मर्जी म्हणत. विजयमालाबाई त्यांना चहा देत. त्या बाई रडल्या असतील तर मला दिसेल अशा अंतरावरून रडल्या नाहीत.

ज्वारी काढून झाली आणि बिरुदेवचा फोन आला. बराच वेळ तो नुसताच इकडचं तिकडचं बोलत राहिला असावा, कारण सोमशेखर व्हय व्हय म्हणत होते. मग ते उठले आणि त्यांनी कपाट उघडलं. विजयमालाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तिचंच बघायला जाताय ना?" त्या म्हणाल्या. "मग बघून या. तिचं राहिलेलं तेवढं तरी होऊ दे."

स्कूटरवर मी या वेळी एकटी पुढच्या हुकाला लटकत होते. उंचवट्यावर पोचतो न पोचतो तोच एक हवालदार आला. पिशवीत काय आहे, काय बघताय, असं त्यानं विचारलं. बिरुदेव काठीवर हनुवटी टेकून उभा होता.

"माजी मेंढरं मोजत्यात, साहेब," तो म्हणाला. "तुमी लांब पिटाळल्यावर दुर्बिणीबिगार दिसनात."

हवालदाराला हसू आलं. पण उंचवटा रिकामा करा, वरून हुकूम आहे, असं त्यानं सांगितलं. तिकडे लांब बाभळीखाली थांबायला त्याची हरकत नव्हती. वाईट माणूस नव्हता तो.

बाभळीखाली बिरुदेवनं पटक्याच्या शेवानं एक दगड झाडला आणि सोमशेखरना बसवलं. म्हणाला, "ताईसाब हितं कवा बसल्या न्हाईत. उबंच ऱ्हायच्या."

"पाय दुखले तरी सांगायची नाही," सोमशेखर म्हणाले.

मेंढरांची घुंगरं तेवढी वाजत होती.

विमान होटगीच्या बाजूनं आलं. आधी आवाज नाही, नुसता एक पांढरा ठिपका. सोमशेखरनी मला डोळ्याला लावलं. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागलाय, तिथं नुसता दुधी उजेड. उजव्या डोळ्यासमोर शिवलीलाचं कडं. त्यातून त्यांना एक लांबट पांढरा ढग खाली येताना दिसला. त्या ढगाला शेपूट नव्हती, तिरंगा नव्हता, नंबर नव्हता.

त्यांचं बोट माझ्या उजव्या कड्यावर आलं आणि थांबलं.

मला तिथं कुणी हात लावला नव्हता. ती गेल्यापासून नाही, ती असतानाच्या त्या सगळ्या वर्षांतही तिच्याशिवाय कुणी नाही. कपडे धुतले गेले होते, गादीची खोळ बदलली होती, तिचा मोबाईल कुणालातरी देऊन टाकला होता. ती जशी बघायची तसं या घरात फक्त माझ्यात उरलं होतं. कड्यावरचे आकडे साहेबांच्या काळातच घासून गेलेले. एकदा फिरलं की ती जागा पुन्हा सापडणार नाही, हे सोमशेखरना ठाऊक होतं. नखानं एक ओरखडा काढून ठेवायला हवा होता. पण विमान टेकलं होतं, धुरळा उडाला होता, बिरुदेव म्हणत होता, "अण्णा, वळतंय बगा, वळतंय."

त्यांनी कडं फिरवलं.

बरंच फिरवावं लागलं. मग विमान एकदम लख्ख झालं. निळी पट्टी, चाकांजवळचा चिकटलेला मुरूम, शिडी उतरवणाऱ्या जवानाचा हातमोजा. ते वळलं आणि शेपटी आमच्याकडे आली. सोमशेखरनी नंबर मोठ्यानं वाचला. एक्केचाळीस.

"हेच का वो, ऱ्हायलं म्हनायच्या ते?" बिरुदेवनं विचारलं.

सोमशेखरनी मला खाली घेतलं. त्यांचा चेहरा मला दिसला नाही, फार जवळ होता. हात मात्र माझ्यावर होते आणि ते सैल पडत गेले. तीन नंबर तिच्या डोक्यात होते. चौथा कुठला, तेही तिच्याच डोक्यात होतं. त्यांनी नंबर वाचला होता, आणि त्या नंबरचं काय करायचं ते सांगणारं कुणी नव्हतं.

"माहीत नाही रे," ते म्हणाले. "मी विचारलंच नाही तिला."

बिरुदेव म्हणाला, "आमालाबी सांगितलं न्हाई. मी कशाला इचारतोय." मग त्यानं लांबच्या मेंढरांना हाळी दिली, द्यायची गरज नव्हती तरी.

मला माहीत होतं. एक्केचाळीस तिनं पाहिलेलं होतं, सगळ्यात पहिलं, राखेच्या बोटांनी मला धरून. मी बोलतेय असं सुरुवातीला म्हटलं खरं. पण माझं बोलणं त्यांना ऐकू जात नाही.

घरी विजयमालाबाई दारातच होत्या. पायावर पाणी घ्या म्हणाल्या नाहीत, चहा विचारला नाही.

"दिसलं?"

"दिसलं."

"तेच होतं का?"

सोमशेखर चपला काढत होते. एक काढली, दुसरी काढली, दोन्ही भिंतीला नीट लावल्या.

"तेच होतं," ते म्हणाले.

विजयमालाबाई खाली बसल्या, उंबऱ्यावरच. एवढ्या महिन्यांत मी त्यांना अशी पाठ सैल टाकून बसलेलं पाहिलं नव्हतं. "झालं मग तिचं," त्या म्हणाल्या. "सुटली पोर." त्यांनी मला पिशवीतून काढलं, पदरानं माझी भिंगं पुसली आणि चष्म्याशेजारी ठेवलं. कडं फिरलंय हे त्यांना कळलं नाही.

नंतर एका दुपारी त्या देवळात गेल्या असताना सोमशेखर मला घेऊन गच्चीवर गेले. चष्मा बरोबर आणला होता. तो स्वतःच्या डोळ्यावर चढवून त्यातलं धुकं बघून, मग तो काढून माझ्यातून बघून, कडं मागे नेऊन, पुढे नेऊन, ते तिची जागा शोधत राहिले. टाकीवर घार नव्हती. कुठल्या धुक्याला तिचं धुकं म्हणायचं हे त्यांना कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही आता नक्की आठवत नाही.

परवा बिरुदेवचा पुन्हा फोन आला. सकाळची वेळ होती. विजयमालाबाई त्याच खोलीत तांदूळ निवडत होत्या. बंब उभा आहे, कुत्री हाकलत्यात, एवढं मला कपाटातून ऐकू आलं.

"नको आता, बिरुदेव," ते म्हणाले. "तिचं बघून झालंय."

दुसरं काय म्हणणार होते? जायचं म्हटलं असतं तर बायकोला सांगावं लागलं असतं की त्या दिवशी दिसलं ते तिचं राहिलेलं नव्हतं कदाचित.

फोन ठेवून ते कपाटापाशी आले. दाराच्या मुठीवर त्यांचा हात पडला, ते मला कळलं. तांदळाच्या ताटातला खडखडाट थांबला.

"काय हवंय?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले, आणि हात निघाला.

थोड्या वेळानं विमान घरावरून गेलं. खाली येत होतं, आवाजावरून मोठं. कपाटाचं दार थरथरलं आणि चष्मा माझ्या अंगाला येऊन टेकला.

माझ्यासारखी एखादी जुनी दुर्बीण तुमच्या हातात आली, तर कडं फिरवण्याआधी ती कुणाच्या डोळ्यांना लावलेली आहे ते विचारा. आणि तुमच्या घरात कुणी काही बघण्याचा हट्ट धरून बसलं असेल, तर काय राहिलंय ते त्याच्या तोंडून ऐकून ठेवा.

वरून गेलं ते कुठलं होतं, ते मला माहीत नाही. कपाट बंद होतं.