जमिनीवर सांग

‘टिरिक’ बोटीवर तीन शब्द उच्चारायला बंदी होती: पाद्री, डुक्कर आणि उंदीर. पाहुणे बोटीवर चढले की अर्टी आधी त्यांच्या अंगात जीवरक्षक जाकिटं चढवायचा आणि मग ही बंदी ऐकवायचा. दोन्ही वेळी त्याचं तोंड सारखंच गंभीर असायचं. ज्याच्या तोंडून शब्द निसटेल त्यानं लगेच थंड लोखंडाला हात लावायचा आणि त्या दिवशी सगळ्यांची भांडी घासायची. पाहुण्यांना फार मजा वाटायची. शेटलंड बेटांवरचे लोक आपली करमणूक करताहेत, असा त्यांचा समज व्हायचा. हौसेनं शिडाच्या बोटीवर आठवडाभर राहून देवमासे आणि पक्षी बघायला आलेली माणसं ती, त्यांना काय कल्पना असणार!

करमणूक वगैरे काही नव्हती. अर्टी आणि त्याची धाकटी बहीण ओस्ला यांचा बाप याच पाण्यात मासेमारी करायचा, त्याचा बापही करायचा, आणि दोघांच्या बोटींवर हाच कायदा होता. शब्दच काय, वाईट बातमीसुद्धा समुद्रावर सांगायची नाही. जाळं फाटलं, कुणी आजारी पडलं, भांडण झालं, काहीही असो; किनाऱ्याला पाय लागले की मग बोलायचं. समुद्र ऐकतो, असं बाप म्हणायचा. ओस्ला हे मानत होती का? विचारलं असतंत तर ती तोंडभर हसली असती. पण उभ्या जन्मात तिनं बोटीवर त्या तिन्हींतला एकही शब्द काढला नव्हता.

ओस्ला बोटीवर स्वयंपाक करायची, इंजिनाशी भांडायची, शिडं चढवायची. दोघांनाही मूलबाळ नव्हतं. अर्टीची बायको कधीच दक्षिणेला निघून गेली होती आणि ओस्लानं त्या भानगडीत पडणंच टाळलं होतं. त्यांचं म्हणावं असं एकच घर जगात होतं, आणि त्याला छप्पर नव्हतं. ते होतं स्टूरहोम बेटावर, आईच्या माहेरचं. आई लहान असतानाच शेवटची माणसं ते बेट सोडून गेली. छपरं पडली, रचीव दगडांच्या जाड भिंती राहिल्या, आणि त्या भिंतींच्या फटींमधून आलामूटी राहायला आले.

आलामूटी म्हणजे मुठीत मावेल एवढा काळा समुद्रपक्षी. वर्षभर तो भर समुद्रात असतो. फक्त अंडं घालायला जमिनीवर येतो, एकच अंडं, आणि तेही दरवर्षी त्याच फटीत, त्याच जोडीदाराबरोबर. जमिनीवर त्याला धड चालता येत नाही. कुणी अंगावर आलं तर तोंडातून थोडं तेल थुंकतो, बस्स. उन्हाळ्यात भिंतीला कान लावला की आतून चरख्यासारखी घरघर ऐकू येते आणि मधेच एक उचकी. म्हातारपणी आईला एकदा ती दोघं तिथं घेऊन गेली होती. तिनं बराच वेळ भिंतीला कान लावला आणि म्हणाली, “बरं झालं. घर नांदतंय.” हे वाक्य ओस्ला कधी विसरली नाही. तिच्या लेखी आलामूटी घरचीच माणसं होती.

त्या जूनमध्ये सहा पाहुणे होते. त्यांतल्या डॉक्टर हेडविगबाई सत्तरी ओलांडलेल्या, जर्मनीच्या, गुडघ्यांनी बेजार, पण दुर्बीण डोळ्यांवरून खाली म्हणून उतरायची नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बोट स्टूरहोमकडे निघाली. ओस्लानं लापशीसाठी खालच्या कपाटातून ओटच्या पिठाची पिशवी ओढली, तर पिशवीचा कोपरा कुरतडलेला. पीठ सांडलेलं, आणि पिठात तांदळापेक्षा मोठ्या काळ्या लेंड्या.

सफरीआधी बोट दोन दिवस मासळीच्या धक्क्याला बांधलेली होती, तिथूनच आला असणार. आणि आपण चाललोय कुठे, तर स्टूरहोमला! शेजारच्या दोन बेटांवर असेच उंदीर पोहोचले होते. त्यांनी तिथले आलामूटी अंड्यांसकट खाल्ले; तिथे आता भिंतीला कान लावून काही ऐकू येत नाही. म्हणून तर स्टूरहोमचा नियम होता, की बोटीनं लांब नांगर टाकायचा आणि माणसांनी झाडून-तपासून छोट्या होडीनं यायचं. बेटावर ब्रेना नावाची रखवालदार मुलगी राहायची. ती ठिकठिकाणी मेणाचे तुकडे ठेवायची आणि त्यांवर दात उमटलेत का ते रोज बघायची.

ओस्ला धडपडत वर गेली. बोट भरतीच्या भोवऱ्यात शिरली होती. पाणी चहूकडून उकळत होतं आणि अर्टी सुकाणूला लोंबकळत होता.

“अर्टी, एक वाईट गोष्ट झालीय.”

“मग गिळ ती!”

“अरे, ऐकून तरी घे—”

“भोवऱ्यात आहोत, दिसत नाही का तुला? जमिनीवर सांग, ओस्ली. जमिनीवर!” त्यानं चटकन सुकाणूच्या लोखंडी कड्याला हात लावला.

ती खाली आली. सापळा लावला, कपाटाच्या फटीत चिंध्या कोंबल्या. भोवरा मागे पडल्यावर ती पुन्हा वर गेली, तर काळ्यापांढऱ्या शिकारी देवमाशांचं कुटुंब बोटीच्या अगदी जवळून चाललं होतं. पाहुणे लहान मुलांसारखे ओरडत होते. डॉक्टरबाई रडत होत्या. अर्टीसुद्धा हसत होता, आणि अर्टी वर्षातून फार तर दोनदा हसायचा. ओस्लानं मनाशी हिशेब केला: हा नेहमीसारखा लांब नांगर टाकेल. मग काहीतरी निमित्त काढून ह्याला एकट्याला होडीतून किनाऱ्यावर न्यायचं, दगडावर उभं करायचं आणि सांगायचं. पाहुण्यांना उतरवायचंच नाही, तसंच मागे फिरायचं. हिशेब चांगला होता. त्यात फक्त डॉक्टरबाईंचे गुडघे धरलेले नव्हते.

स्टूरहोमच्या खाडीत पूर्वेची लाट येत होती. होडी वरखाली आपटत राहणार, हे अर्टीला लांबूनच दिसलं. त्यानं डॉक्टरबाईंकडे पाहिलं आणि बोट सरळ जुन्या दगडी धक्क्याकडे वळवली.

“अर्टी, हे काय? नांगर टाक!”

“पाच मिनिटांचं काम आहे. बाई होडीत उतरायला गेल्या तर पाय मोडून घेतील. ब्रेना तिकडं कड्यावर पक्षी मोजतेय, तिला कळायचंसुद्धा नाही.”

“नको म्हणते ना मी!”

“का पण?”

सगळे पाहुणे तिच्याकडे बघायला लागले. एक शब्द. तो तिच्या जिभेवर येऊन बसला होता. तिनं तोंड उघडलं आणि बाप आठवला, आजा आठवला, भावाचा लोखंडी कड्यावर गेलेला हात आठवला. तोंडातून निघालं ते एवढंच: “सांगते. आधी नांगर टाक.”

“जमिनीवर सांग! दोरी घे, ओस्ली, दोरी घे, दगडावर आपटतोय आपण!”

बोट खरंच आपटत होती. ओस्लानं पुढच्या पेटीतून दोरीचं वेटोळं उचललं. धक्क्यावर उडी मारायची, दगडाला पाय लागल्याबरोबर सांगायचं, हवं तर दोरी कापून बोट ढकलून द्यायची, असं तिच्या डोक्यात चाललं होतं. उडीसाठी हात मोकळे हवेत म्हणून तिनं वेटोळं आधी धक्क्यावर फेकलं. त्यातून एक तपकिरी गोळा सुटला, दगडावर आपटला, क्षणभर तसाच बसला, आणि मग धक्क्याच्या फटीत पळाला.

“अर्टी!” डॉक्टरबाई दुर्बिणीमागून खिदळल्या. “आज भांडी माझ्याकडे! पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, तो उंदीर होता!”

ओस्ला तोवर धक्क्यावर उतरली होती. तिचे दोन्ही पाय जमिनीवर होते आणि आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अर्टीचा चेहरा पांढरा पडला. “तुला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“भोवऱ्यात होतो तेव्हापासून.”

“आणि बोलली नाहीस तू?”

“तूच म्हणालास, जमिनीवर सांग.”

त्यानंतर महिनोन्‌महिने तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. तिला वाटायचं, शिव्या तरी द्याव्यात ह्यानं.

ब्रेनानं जीव तोडून सापळे लावले. पहिले काही दिवस आशा होती, कारण एकटा नर असेल तर म्हातारा होऊन मरेल आणि विषय संपेल. पण ऑगस्टात मेणाच्या तुकड्यांवर लहान दात उमटले. लहान आणि पुष्कळ. मादी होती, आणि ती भरल्या पोटानं आली होती. हिवाळ्यात अधिकाऱ्यांच्या बैठका झाल्या. सगळ्या बेटावर विष टाकायचं ठरलं, पण ते पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. तोवर परवानग्या यायच्या होत्या. ब्रेनाची दुसरीकडे बदली झाली. जाताना ती ओस्लाच्या गळ्यात पडून रडली. ओस्लाला मात्र रडू आलं नाही. रडायचा हक्क आपल्याला नाही, असं तिला वाटत होतं.

वसंतात अर्टीनं बोट धक्क्याला बांधून ठेवली, पाहुण्यांना नाही म्हणून कळवलं आणि तंबू घेऊन आईच्या घरात राहायला गेला. ओस्ला जूनमध्ये मामेभावाच्या होडीतून त्याच्यासाठी बटाटे आणि खारं मटण घेऊन पोहोचली, तेव्हा तो दाढी वाढवून भिंतीपाशी गुडघ्यांवर बसला होता आणि फटींत दगड ठोकत होता.

“हे काय चालवलंयस?”

“बुजवतोय.” बऱ्याच महिन्यांनी तो तिच्याकडे बघून बोलत होता. “गेल्या वर्षी जे समुद्रावर होते म्हणून वाचले, ते आता येणार. आपापली फट शोधत येणार, मूर्खासारखे. फटच नसली तर जातील कुठंतरी.”

“जातील?”

“कोण जाणे. बरेचसे नाहीच जात म्हणतात. भिंतीपाशी घिरट्या घालतात नि अंडं पाण्यात टाकतात. पण जीव तर वाचेल.” त्यानं तिच्यापुढे हातोडा धरला. “त्या बाजूची भिंत तू घे.”

मग भाऊ-बहीण दोघं मिळून आईच्या घरातून घरच्यांना बाहेर काढू लागली. एकेक फट हातानं चाचपायची, रिकामी आहे ना बघायची आणि दगड बसवायचा. फटींमधून जुनी पिसं निघत होती, अंड्यांची टरफलं निघत होती, आणि पक्ष्यांचा तो तेलकट वास अजून दगडांना येत होता. संध्याकाळपर्यंत भिंती जवळजवळ बुजल्या. चुलीमागची एक फट राहिली होती. ओस्लानं आत हात घातला आणि बोटांवर गरम तेल आलं.

“अर्टी, इथं एक आहे.”

तो उठून आला.

“अंड्यावर बसलाय. हालत नाहीये. काय करू?”

पक्ष्याला काढून उडवावं तर उजेडात मोठे शिकारी समुद्रपक्षी त्याला दोन मिनिटं जगू देणार नव्हते, आणि अंडं थंड पडणार होतं. फट बुजवावी तर तो आतच मेला असता. जन्मभर बोटीवर हुकूम सोडत आलेला अर्टी बहिणीच्या तेलकट हाताकडे बघत राहिला.

“मला नाही माहीत, ओस्ली,” तो म्हणाला.

शेवटी त्यानं उंदरांना हाणायला एक वल्हं घेतलं आणि फटीसमोर बैठक मारली. तीही शेजारी बसली. आतून घरघर ऐकू येत होती, मधेच ती उचकी. “आईसारखंच घोरतंय,” अर्टी म्हणाला, आणि दोघंही हसली. वर्षभरात पहिल्यांदा एकत्र हसली. आपण एकाला तरी वाचवू, असं त्या घटकेला ओस्लाला खरंच वाटलं. पण दिवसभर दगड वाहिलेली म्हातारी माणसं ती. कधीतरी तिचा डोळा लागला, आणि त्याचाही.

उजाडलं तेव्हा आतली घरघर थांबलेली होती. ओस्लानं नीट मापाचा एक दगड निवडला आणि त्या फटीत ठोकून बसवला. आत हात घालून बघायची गरज नव्हती.